बाहुलीची खुर्ची आणि घराचे दार

अमेरिकेत बार्बी नावाची एक बाहुली आहे. १९५९ साली ती बाजारात आली. १९९७ साली तिची एक मैत्रीण निघाली. तिचे नाव बेकी. ती चाकांच्या खुर्चीत बसे. पण झाले काय? बेकीची खुर्ची बार्बीच्या घरात शिरेना! अशाच खुर्चीवर बसणाऱ्या एका शाळकरी मुलीने ही चूक दाखवून दिली.

२०२३ साली ‘बार्बी’ चित्रपट निघाला. त्यात खुर्चीतली बार्बी सगळ्यांबरोबर नाचते. डॉक्टर बार्बीचे काम हारी नेफ या नटीने केले आहे. त्या तृतीयपंथी आहेत. जन्मल्या तेव्हा लोकांनी त्यांना मुलगा म्हटले. पण त्या स्वतःला स्त्री मानतात, तशाच जगतात. चित्रपटात त्यावरून थट्टा नाही, की कीव नाही. त्या डॉक्टर, बस्स!

हे आम्हाला आवडले. खुर्चीतल्या बार्बीला मात्र मोठे काम नाही. ती दिसते आणि जाते. आम्ही म्हणतो, माणसाला नुसते बोलावून भागत नाही. त्याला आत येता आले पाहिजे. चार शब्द बोलता आले पाहिजेत.

मंडळी, आपल्या पंचायतीच्या पायऱ्या एकदा मोजून पाहा. तिथे खुर्ची चढेल का?