कंठातील श्रुती आणि यंत्राचा स्वर

रिसोड तालुक्यातील केनवडसारख्या गावचे एखादे भजनी मंडळ आपला अभंग ध्वनिमुद्रित करावयास आज शहरातील स्टुडिओत गेले, तर कंठ जेथे किंचित ढळला तेथे स्वर नेमका बसवून देणारी संगणकाची सोय त्याच्या दिमतीस हजर असते. भूगर्भातील कंपनांवरून खनिज तेलाचा शोध घेणारे अँडी हिल्डेब्रँड यांनी त्याच जातीच्या गणितावर 1997 मध्ये ‘ऑटो-ट्यून’ सिद्ध केले; गळ्यातील कंपनांची गती मोजून ते प्रत्येक स्वराला जवळच्या ठरीव स्थानी ओढून नेते.

परंतु ही स्थाने बहुधा सप्तकाचे बारा समान भाग करणाऱ्या पियानोच्या हिशेबाची असतात. तंबोऱ्यातून स्वयंभू उमटणारा गंधार, अर्ध्या स्वराचे 100 अंश मानल्यास, पियानोच्या गंधाराहून सुमारे 14 अंशांनी उतरलेला असतो. आणि दरबारी रागातील आंदोलित कोमल गंधार तर एका बिंदूवर स्थिरावतच नाही. 1910 च्या सुमारास कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गायनाच्या आधारे श्रुतींची, म्हणजे स्वरांमधील सूक्ष्म अंतरांची, मोजदाद केली, तेव्हा गणित कंठाच्या मागे चालले होते. आता कंठाने गणिताचा हुकूम मानावा अशी अपेक्षा आहे, आणि ती मला सर्वथा अन्याय्य वाटते.

तरी हा हुकूम अटळ नाही: ऑटो-ट्यून स्वरस्थाने बदलू देते, दुरुस्तीचा वेगही मंद करू देते. म्हणून गाणाऱ्यांनी मूळ, अस्पर्शित मुद्रण आधी ऐकण्याचा आग्रह धरावा, आणि मगच फेरफारास संमती द्यावी.