उपोष्ण उच्च दाब आणि मॉन्सूनचा पाऊस

उपोष्ण उच्च दाब आणि मॉन्सूनचा पाऊस : विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंस सु. २५° ते ३५° अक्षांशांदरम्यान उंचावरील हवा खाली येत असल्याने उच्च दाबाचे पट्टे निर्माण होतात. खाली येणारी हवा दाबली जाऊन तापते, तिची सापेक्ष आर्द्रता घटते व ढग विरतात. जगातील पुष्कळशी वाळवंटे याच पट्ट्यांत आहेत. तथापि उच्च दाब म्हणजे अवर्षण, हे समीकरण पट्ट्याच्या अंतर्भागापुरतेच खरे आहे. त्याच्या कडेने बाहेर पडणारे वारे उबदार समुद्रावरून गेल्यास तेच दूरच्या प्रदेशास पाऊस पुरवितात.

कोकण किनाऱ्यावर ही दोन्ही रूपे पाहावयास मिळतात. वसईच्या खाडीलगतच्या खारी-भाईंदर परिसरात हिवाळ्यापासून मेपर्यंत आकाश बहुधा निरभ्र असते. त्या काळात उत्तर गोलार्धातील उच्च दाबाचा प्रभाव भारतावर असतो, आणि मिठागरांच्या वाफ्यांत खाऱ्या पाण्याची वाफ होऊन मीठ पिकते. जूनमध्ये पाऊस येताच हा हंगाम संपतो. तो पाऊस आणणारे वारे मात्र सु. ५,००० किमी. दक्षिणेस, हिंदी महासागरातील मास्करीन बेटांच्या आग्नेयीस असलेल्या उच्च दाबापासून निघतात. दक्षिण गोलार्धातील हिवाळ्यात हा दाब प्रबळ होतो. तेथून येणारे आग्नेय व्यापारी वारे विषुववृत्त ओलांडताच पृथ्वीच्या परिवलनामुळे उजवीकडे वळून नैर्ऋत्य मॉन्सून बनतात. पूर्व आफ्रिकेच्या उंच भूमीला अडून ते सु. १ ते १.५ किमी. उंचीवर वेगवान झोताचे रूप घेतात, जे. फिंडलेटर यांनी १९६९ मध्ये या झोताचे सविस्तर वर्णन केले. पुढे अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन ते सह्याद्रीस अडतात. कुलाबा येथे जून-सप्टेंबरात सु. २०० सेंमी. पाऊस पडतो.

एका दिवसाचा पाऊस अर्थातच स्थानिक कारणांवर अवलंबून असतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी., तर कुलाब्यास केवळ ७३ मिमी. पाऊस झाला.

भारतावरील एप्रिलमधील उच्च दाबाच्या कटकावरून मॉन्सूनचे भाकीत करण्याची पद्धत १९७८ मध्ये पुढे आली. ७५° पूर्व रेखांशावर, ५०० मिलिबार पातळीवर, हे कटक सरासरीने १५° उत्तर अक्षांशाजवळ असते. ते अधिक उत्तरेस असल्यास पाऊस चांगला, असा आडाखा होता. १९८८ च्या सोळा घटकांच्या प्रतिमानातही त्याचा समावेश होता. परंतु २००२ मध्ये सर्वसाधारण पावसाचे भाकीत होऊनही जुलैत देशभर सरासरीच्या जेमतेम निम्माच पाऊस झाला व पेरण्या वाया गेल्या. २००३ पासून भारतीय हवामानशास्त्र विभागाने नवी प्रतिमाने स्वीकारली.