फाईल पोचायला उशीर का होतो?



उसाच्या गाडीचे वजन काट्यावर झाले की त्याची नोंद संगणकात होते. तेथून ती शेती विभागाकडे आणि पुढे ऊस बिलाकडे जाते, ती संगणकांना जोडणाऱ्या तारांच्या जाळ्यातून. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर, ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावयाचे असतात. जाळे रखडले तर जाणारा वेळ याच १४ दिवसांतला असतो. शिवाय २०२२ साली केंद्र सरकारने विकास सोसायट्यांच्या संगणकीकरणाची योजना मंजूर केली. तेव्हा हा प्रश्न आता गावातल्या सोसायटीचाही आहे. "मशीन जुनं झालंय, नवीन घ्या" असा ठराव पुढे येण्याआधी काय तपासावे, ते येथे देत आहोत.

प्रथम माप समजून घेऊ. तारेचा वेग बिटमध्ये सांगतात, फाईलचा आकार बाइटमध्ये. आठ बिट म्हणजे एक बाइट. म्हणून १०० मेगाबिटच्या जोडणीतून सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट जातात, प्रत्यक्षात हाती ११ च्या आसपास पडतात. १००० मेगाबिटच्या जोडणीत हाच आकडा ११० च्या आसपास येतो. ६ हजार मेगाबाइटची फाईल पहिल्या जोडणीत नऊ मिनिटे घेईल, दुसरीत एक मिनिटाच्या आत पोचेल.

आता क्रमाने बघा. शेतात पाणी कमी आले तर आपण मोटर, व्हॉल्व्ह, पाइप असे एकेक तपासतो, तसेच येथे करावे.

१) तार : संगणकाच्या नेटवर्क सेटिंगमध्ये जोडणीचा वेग लिहिलेला असतो. तेथे १००० ऐवजी १०० दिसले तर दोष बहुधा तारेत किंवा जुन्या स्विचमध्ये असतो. केबलमध्ये आठ तारा असतात. १००० च्या वेगाला आठही लागतात, १०० ला चारच पुरतात. उंदराने एखादी कुरतडली किंवा प्लग ढिला झाला की जोडणी मुकाट्याने १०० वर उतरते. दिवा लागलेला असतो, काम चालू असते, म्हणून कोणाच्या ध्यानात येत नाही. तांब्याची केबल एका टप्प्यात १०० मीटरपेक्षा लांब नसावी. काटा ऑफिसपासून दूर असेल तर फायबर घालावी. ती काचेची असल्याने मोटारींच्या विजेचा तिला त्रास नाही.

२) दोन टोकांचा मेळ : एका टोकाला वेग हाताने ठरवून दिला आणि दुसरे टोक 'ऑटो' ठेवले, तर दुसरे टोक एकेरी पुलासारखे वागू लागते, म्हणजे एका वेळी एकच बाजू. किरकोळ काम चालते, पण मोठी फाईल रांगत जाते. दोन्ही टोके ऑटोवर ठेवावीत.

३) डिस्क : तार चांगली असून डिस्क मंद असेल तर उपयोग काय? 'आयपर्फ' नावाचा मोफत प्रोग्राम डिस्कला हात न लावता फक्त तारेचा वेग मोजतो. तो ९४० मेगाबिटच्या आसपास दाखवीत असेल तर तार निर्दोष समजावी आणि दोष संगणकात शोधावा.

४) बारीक फायली : गाडीभर ऊस एकदम काट्यावर आला तर वजन एकदाच. तोच मोळी-मोळीने आणला तर दिवस जाईल. हजारो लहान फायलींचे तसेच आहे. प्रत्येक फाईल उघडणे, लिहिणे, बंद करणे, शिवाय अँटिव्हायरसची तपासणी वेगळीच. त्या आधी झिप करून एक फाईल करावी, मग पाठवावी.

५) वायफाय : हवेतला वेग सर्वांत वाटला जातो, आणि भिंती आडव्या आल्या की आणखी घटतो. वायफायवर उशीर होत असेल तर तीच फाईल तारेने पाठवून बघावी. फरक पडला तर कारण सापडले.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि आधीचा व नंतरचा वेग वहीत टिपून ठेवावा. दोन-तीन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाने आला हे कळत नाही, आणि पुढच्या हंगामात पुन्हा तेच.

केबलचा तुकडा थोडक्या पैशांत येतो, नवा संगणक हजारोंत. पैसा दोन्हीकडे सभासदांचाच. तेव्हा आपल्या संस्थेत नव्या यंत्राच्या खरेदीचा विषय निघाला तर "वेग मोजला का? किती भरला?" एवढे जरूर विचारावे, ही सर्वांना विनंती.