निदेशकाची परीक्षा

आयटीआयमध्ये शिकवणाऱ्या शिल्प निदेशकांसाठी केंद्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. मुंबईत तो चुनाभट्टीच्या राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्थेत चालतो. त्यात ट्रेडचं कसब आणि शिकवण्याची पद्धत, दोन्ही येतात. पण परीक्षेतल्या बहुपर्यायी प्रश्नांतून फार तर पाठांतर कळतं. फिटरच्या जॉबच्या कडा उतरल्या, तर कानस डुलतेय हे ओळखून मुलाचं उभं राहणं सुधारतो, तो खरा निदेशक. आणि हे वर्कशॉपमध्ये बघूनच कळतं. असं बघून दिलेले गुण परीक्षकागणिक बदलतील, हा आक्षेप रास्त आहे. त्यावर उपाय म्हणजे निकष आधी लिहून ठेवणं आणि दोन परीक्षकांनी स्वतंत्र गुण देणं. वेळखाऊ आहे, कबूल. मात्र फिटरच्या एका तुकडीत २० जागा असतात; निदेशक कच्चा निघाला, तर तेवढ्या मुलांचं नुकसान होतं.