विद्यार्थी, मोबाईल आणि महिन्याचा हिशेब

कोल्हापूर येथे १८ नोव्हेंबर १९६२ रोजी शिवाजी विद्यापीठाची स्थापना झाली. त्या काळी राधानगरी, आजरा वा चंदगडकडून शहरात शिकावयास आलेल्या विद्यार्थ्याचा खर्च मनिऑर्डरने किंवा गावाकडून येणाऱ्या माणसाच्या हातून येत असे. खानावळ आणि खोलीभाडे वजा जाता जे उरे, त्यावर महिना काढावा लागे. आज रक्कम मोबाईलवर येते व मोबाईलवरूनच खर्च होते. या बदलामुळे केवळ साधन नव्हे, तर खर्चाची शिस्तही पालटली आहे.

या व्यवहारांचा पाया असलेली ‘यूपीआय’ ही पद्धती राष्ट्रीय भुगतान निगमाने ११ एप्रिल २०१६ रोजी मुंबईत सुरू केली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरातील नोटाबंदीने तिच्या प्रसारास गती मिळाली. ऑगस्ट २०२५ मध्ये या पद्धतीने देशभरात झालेल्या व्यवहारांची संख्या एका महिन्यात २,००० कोटींवर गेली. फोनपे, गुगल पे, भीम इत्यादी अ‍ॅपांत पैसे साठविलेले असतात, असा समज पुष्कळदा आढळतो. वस्तुतः या व्यवहारात अ‍ॅप केवळ आज्ञा पोहोचविते. पिन पटताच देणाऱ्याच्या बँकखात्यातून रक्कम वजा होते व घेणाऱ्याच्या खात्यात जमा होते.

कोल्हापूर परिसरातील शेतकरी कुटुंबाच्या उत्पन्नास स्वतःची अशी एक लय असते. दुधाचे बिल साधारणतः दर दहा दिवसांनी मिळते. उसाचे बिल गळीत हंगामाशी बांधलेले असते. विद्यार्थ्याचा खर्च मात्र रोजचा व किरकोळ असतो : चहा, झेरॉक्स, नाश्ता, रिक्षा. पूर्वी मनिऑर्डर या दोहोंमध्ये बांधासारखी उभी असे. पैसे संपले की पुढील महिन्याची वाट पाहणे भाग पडे. आता एका फोनसरशी दोनशे-पाचशे रुपये घरून येतात. अडचणीच्या वेळी ही सोय मोलाची आहे, यात शंका नाही. तथापि महिन्यात एकूण किती रक्कम मागितली गेली, हे देणाऱ्यास व घेणाऱ्यासही उमगत नाही. रोख रक्कम मोजून देताना होणारी खर्चाची जाणीवही येथे उणावते.

याच पद्धतीत उपायही आहे. प्रत्येक व्यवहाराची तारीखवार नोंद खात्यात राहते. महिनाअखेर ती विषयवार मांडली, तर वेगळी हिशेबवही ठेवण्याचे कारण नाही. २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘यूपीआय सर्कल’ या सोयीने पालकास आपल्या खात्यातून पाल्यास खर्चाची मुभा देता येते. या मुभेस दरमहा कमाल १५,००० रुपयांची मर्यादा असून पालकास याहून कमी मर्यादाही ठरविता येते. मनिऑर्डरने घातलेला बांध अशा रीतीने पुन्हा घालणे शक्य आहे.

फसवणुकीचा प्रश्न याहून गंभीर आहे. पैसे मिळण्यासाठी पिन कधीही द्यावा लागत नाही. तो पैसे देताना लागतो. एवढे एक तत्त्व ध्यानी धरले, तरी ‘बक्षीस मिळविण्यासाठी पिन टाका’ अशा फसवणुकीपासून बचाव होतो. थोड्या मोबदल्यासाठी आपले खाते परक्यास वापरावयास देणे तर त्याहून घातक होय. त्या खात्यातून फसवणुकीचा पैसा फिरल्यास खाते गोठविले जाते, खातेदाराची पोलीस चौकशी होते आणि त्याच खात्यात जमा होणारी शिष्यवृत्तीही अडकून पडते. वसतिगृहाच्या आधारावर शिकणाऱ्या मुलाचे यात संपूर्ण वर्ष वाया जाऊ शकते.

फसवणूक झालीच, तर विलंब न लावता १९३० या क्रमांकावर व आपल्या बँकेस कळविणे अवश्य आहे. कारण रक्कम पुढील खात्यांत पांगण्यापूर्वीच ती अडविता येण्याचा संभव अधिक असतो. प्रथम वर्षाच्या प्रवेशाच्या वेळीच ही माहिती विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस मराठीतून देणे, हे महाविद्यालयांचे व वसतिगृहांचे कर्तव्य ठरते.