स्वस्तात जुनी क्वाड बाईक घेताय? पैसे देण्याआधी चाक हलवून बघा!

चिकोडी : उसाचं बिल खात्यावर जमा झालं की आपल्या भागात जुन्या गाड्यांची देवघेव वाढते. ट्रॅक्टर, बुलेट, जुनी आरएक्स हंड्रेड हे नेहमीचंच. आता त्यात चार चाकांच्या क्वाड बाईकची भर पडली आहे. कोकण किनाऱ्यावर, लोणावळा-महाबळेश्वरला पर्यटकांना फिरवून दमलेल्या गाड्या काढून टाकल्या जातात. मोबाईलवर फोटो येतो, भाव कमी दिसतो आणि पोरगं घरात हट्ट धरतं. शेतात फिरवायला, फार्म हाऊसवर ठेवायला म्हणून गाडी दारात येते.

माझ्या ओळखीच्या एकानं अशीच गाडी आणली. नवा रंग, नवं सीट, एका किकमध्ये चालू. पंधरा दिवसांत मागचं चाक डगमगायला लागलं. खोललं तर ॲक्सलचं बेअरिंग भुगा झालेलं आणि त्या ढिलाईनं ॲक्सलही झिजलेला. फसवणूक झाली म्हणावं तर बघून घेतलेली गाडी! म्हणून काय बघायचं, ते आधी माहीत पाहिजे.

आधी कायद्याचं बघू

स्पोर्ट क्वाड ही रस्त्यावरची गाडी नव्हे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ३९ प्रमाणे नोंदणीशिवाय कुठलंही वाहन सार्वजनिक जागेत चालवता येत नाही. या गाड्यांना केए-२३ किंवा एमएच-०९ अशी नंबरप्लेट मिळत नाही, कारण त्या रस्त्यासाठी मंजूर झालेल्याच नसतात. नोंदणी नसलेलं वाहन रस्त्यावर आणलं तर कलम १९२ खाली पहिल्या वेळेला पाच हजारांपर्यंत दंड आहे. अल्पवयीन मुलगा चालवताना सापडला तर २०१९ च्या दुरुस्तीनं आलेलं कलम १९९-अ लागतं. त्यात पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. 'गावातल्या गावात तर फिरवतोय की' हे उत्तर तिथं चालत नाही. गावातला रस्ताही सार्वजनिकच.

कायदा बाजूला ठेवला तरी डांबरी रस्ता या गाडीच्या स्वभावाला मानवत नाही. कार वळताना बाहेरचं चाक जास्त फिरतं, आतलं कमी, कारण मध्ये डिफरन्शियल असतो. स्पोर्ट क्वाडला मागं एकच सलग ॲक्सल असतो, त्यामुळे दोन्ही चाकं सारखीच फिरतात. मातीत टायर थोडा घसरतो आणि गाडी वळते. डांबरावर टायर घसरत नाही, मग गाडी वळायचं सोडून सरळ तरी जाते, नाही तर आतलं चाक उचलून कलंडते.

गाडी बघायला गेल्यावर

मालकाला आधीच सांगा, 'इंजिन गरम करून ठेवू नका.' थंड इंजिन कसं चालू होतं यावर बरंच कळतं. मग हे क्रमानं बघा.

१) मागची बाजू जॅकवर घ्या. टायर वर-खाली आणि आडवा धरून हलवा. दोन्ही चाकं मिळून हलत असतील तर ॲक्सलचं बेअरिंग गेलं. एकच हलत असेल तर त्या बाजूचा हब किंवा त्याची आटी.

२) पुढचं चाक तसंच हलवा. खटखट आवाज आला तर बॉल जॉइंट, टाय रॉडचं टोक किंवा ए-आर्मचा बुश. टाय रॉड तुटला तर चालत्या गाडीचं स्टिअरिंग हातात राहत नाही. इथं तडजोड नको.

३) खाली वाकून चासीचे वेल्डिंग बघा. ए-आर्म जिथं बसतात ती जागा आणि पायदानाचे कान, तडा बहुतेक इथंच जातो. एकाच जागी नवा रंग दिसला तर का दिला ते विचारा.

४) ऑइल काढून बघा. दुधी चहाच्या रंगाचं असेल तर आत पाणी गेलंय. नदी-समुद्रात फिरवलेल्या गाडीत हे हमखास सापडतं. चुंबकाला लोखंडाचा जाड चुरा लागला तर गिअरचं काम आलं.

५) फोर स्ट्रोक गाडीनं निळा धूर सोडला तर ती ऑइल खाते, म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्ह सील. शंका असेल तर मेस्त्रीकडून कॉम्प्रेशन मोजून घ्या.

६) किलोमीटर विचारून उपयोग नाही. या गाड्यांचं वय तासांत मोजतात आणि भाड्यानं फिरलेल्या गाडीचे तास कुणी लिहून ठेवत नाही. गिअर लिव्हरची घासट आणि पायदानाचे झिजलेले दात खरं वय सांगतात.

इंजिन नंबर आणि चासी नंबर बिलाशी जुळवा. नंबर घासलेला किंवा परत ठोकलेला दिसला तर गाडी सोन्याची असली तरी सोडा.

जुना पार्ट कुठला घ्यावा, कुठला नको

प्लॅस्टिकचे मडगार्ड, टाकी, रिम, हब, स्विंग आर्म, न वाकलेला ए-आर्म, इंजिनचं केसिंग, कार्बोरेटरची बॉडी : हे जुनं घ्यायला हरकत नाही. ए-आर्म सपाट फरशीवर ठेवून बघा, रिम फिरवून बघा.

ब्रेक पॅड, ब्रेकची नळी, बेअरिंग, ऑइल सील, टाय रॉडची टोकं, हेल्मेट : हे नवंच. चेन आणि स्प्रॉकेट एकत्र बदला. जुन्या स्प्रॉकेटवर नवी चेन टाकली की महिन्या-दोन महिन्यांत तीही जाते.

बेअरिंगसाठी परदेशी कंपनीचं नाव शोधत बसू नका. बेअरिंगवरच नंबर असतो. ६२०४ म्हणजे आतून २० मिलीमीटर, बाहेरून ४७ आणि जाडी १४, जगात कुठंही. नंबर सांगितला की कोल्हापुरातल्या किंवा बेळगावातल्या बेअरिंगच्या दुकानात मिळून जातं. चेनचंही तसंच. आपल्याकडच्या पुष्कळ बाईकना ४२८ ची चेन असते, तीच लहान क्वाडना बऱ्याचदा चालते. मोठ्या स्पोर्ट क्वाडना सहसा ५२० लागते. जुनी चेन सोबत घेऊन गेलेलं बरं.

टायरवर १८×९.५-८ असं लिहिलं असेल तर उंची १८ इंच, रुंदी साडेनऊ, रिम ८ इंचाची. बाजूला चार आकडी तारीखही असते. २३१९ म्हणजे २०१९ सालातला तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी जुनं रबर कडक होऊन चिरलेलं असतं.

दुसऱ्या मोटरसायकलचं इंजिन क्वाडला घालणारेही आहेत. इंजिनिअरिंगची पोरं प्रोजेक्टसाठी असं करतात. तसं इंजिन घेताना मूळ गाडीच्या आरसीची प्रत आणि ती रद्द केल्याचा कागद मागा. गाडी मोडीत काढली की मालकानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, असं कलम ५५ सांगतं. कागद नसलेलं इंजिन चोरीचं निघालं, तर चोरीचा माल जाणूनबुजून घेतला म्हणून भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७ लागू शकतं. सीमेपलीकडून माल घेताना तर साधी पावती, विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत आणि पैसे बँकेतून, एवढं पाळाच.

देखभाल : धूळ हा खरा शत्रू

शेतातल्या गाडीचा एअर फिल्टर फार लवकर भरतो. फोमचा असेल तर रॉकेलसारख्या द्रावणात धुवा, मग साबणाच्या पाण्यात, सावलीत पूर्ण वाळवा आणि फिल्टर ऑइल लावून बसवा. पेट्रोलनं धुवू नका, आगीचा धोका आहे. कोरडा फोम धूळ अडवत नाही, ती थेट सिलिंडरमध्ये जाते आणि रिंग खाते.

टायरची हवा कारसारखी ३० भरू नका. स्पोर्ट क्वाडला साधारण ४-५ पीएसआयच लागते, नेमका आकडा गाडीवरच्या स्टिकरवर असतो. पेट्रोल पंपाचं मीटर एवढं कमी नीट दाखवत नाही, त्यासाठी कमी दाबाचं वेगळं गेज घ्या. चारी चाकांत थोडाफार फरक पडला तरी गाडी एका बाजूला ओढते.

प्रेशरचं पाणी ॲक्सलच्या सीलवर थेट मारू नका. ग्रीस निघून पाणी आत बसतं आणि बेअरिंग आतून गंजतं. माझ्या ओळखीच्याच्या गाडीचं बहुधा असंच झालं होतं.

अपग्रेड करायचंच असेल तर

पोरांना आधी सायलेन्सर बदलायचा असतो. मोकळा सायलेन्सर बसवला की इंजिन जास्त हवा ओढतं. कार्बोरेटरचा जेट तोच ठेवला तर पेट्रोल कमी पडतं, इंजिन तापतं आणि पिस्टन धरतो. म्हणजे सायलेन्सर बदलला की जेटिंग आलंच. सिलिंडर बोअर करून मोठा पिस्टन टाकायचा तर कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, बेळगावच्या उद्यमबागेत लेथ आणि बोअरिंगचं काम जाणणारे आहेत. पण ताकद वाढवून ब्रेक तोच ठेवायचा, याला अपग्रेड म्हणत नाहीत.

क्रम असा ठेवा : आधी ब्रेक आणि टायर, मग शॉकअप, मग पाय मागच्या चाकात जाऊ नये म्हणून बाजूचे नर्फ बार आणि खालची पत्र्याची प्लेट. इंजिन सगळ्यात शेवटी.

हिशेब मांडूनच बोली लावा

समजा गाडी ६० हजारांना सांगितली. बेअरिंग, चेन सेट, ब्रेक, दोन टायर आणि मजुरी मिळून २५ हजारांचं काम दिसलं. तर ती गाडी ८५ हजारांची आहे, ६० ची नव्हे. विकणाऱ्यासमोरच ही यादी कागदावर लिहा आणि त्यातून भाव करा. कागद बघितला की भाव आपोआप खाली येतो.

शेवटचं, पोरांबद्दल. अमेरिकेत तीन चाकी एटीव्ही उलटून इतके लोक जखमी झाले, की १९८८ साली सरकार आणि कंपन्यांत समझोता होऊन त्यांची विक्री बंद झाली. चार चाकीसाठीही तिथला सल्ला स्पष्ट आहे : मोठ्यांची गाडी १६ वर्षांखालच्या मुलाला नको, एकट्याच्या गाडीवर दोघं नकोत, हेल्मेट कायम. लहान क्वाडना थ्रॉटलजवळ एक स्क्रू असतो, तो आत फिरवला की वेग मर्यादित राहतो. मनगटाला बांधायची दोरी असलेला स्विच मिळतो, पोरगं पडलं की इंजिन बंद होतं. दोन्हीला फारसा खर्च नाही.

गाडी घरी आल्यावर पहिलं काम हेच करा. रंग, स्टिकर नंतर बघता येईल.