सात रुपयांचा वेग, साडेतीनशेंची वाट

भाच्याने गाडी बघून ठेवली होती. स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, २०१७ सालची, ७२ हजार किलोमीटर फिरलेली. नवी होती तेव्हा तिची एक्स-शोरूम किंमत साडेचोवीस लाखांच्या पुढे होती. आता तेवढे पैसे न परवडणाऱ्या माणसाच्याही आवाक्यात ती आली होती. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, २३० अश्वशक्ती, शून्य ते शंभर सात सेकंदांच्या आत. भाचा ती घेणार होता पुण्यात रोज कोथरूडहून हिंजवडीला कामावर जायला.

“मामा, अ‍ॅव्हरेज कमी देणार हे मला माहीत आहे,” तो म्हणाला. “बाकीचा खर्च कुठून कुठून येतो, ते सांग.”

मी कागद घेतला आणि त्याला उलटा प्रश्न विचारला. ताशी ३० किलोमीटरने सपाट रस्त्यावर जायला तुझ्या गाडीला किती अश्वशक्ती लागते?

हे गणित अकरावीच्या भौतिकशास्त्राच्या पलीकडचं नाही. गाडी आणि आत बसलेला माणूस मिळून वजन दीड टन धरू. टायर रस्त्यावर घरंगळताना जो विरोध होतो, तो अशा वजनाला साधारण १७५ ते १८० न्यूटन. या वेगाला हवेचा विरोध तीसही भरत नाही. दोन्ही मिळून सुमारे २०० न्यूटन, आणि त्याला वेगाने गुणलं की येतात १.७ किलोवॅट. म्हणजे सव्वादोन अश्वशक्ती. विहिरीवर बसवलेल्या तीन एचपीच्या मोटरीने ही गाडी चांदणी चौकातून सहज ओढली असती. वेग ताशी ८० केला तरी मागणी अकरा अश्वशक्तीच्या आसपासच राहते. २३० मधल्या उरलेल्या सगळ्या बॉनेटखाली बसून असतात.

बसून असलेल्या माणसाला निदान जेवण कमी लागतं. इंजिनाचं तसं नाही.

पेट्रोल इंजिनाची ताकद कमी करायची एक जुनी पद्धत आहे: त्याचा श्वास कोंडायचा. हवा आत जाण्याच्या वाटेवर थ्रॉटलची एक चकती असते. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय हलका असला की ती जवळजवळ मिटलेली राहते, आणि पिस्टनला त्या फटीतून हवा ओढून घ्यावी लागते. सुई नसलेल्या सिरिंजच्या तोंडावर बोट दाबून दट्ट्या मागे ओढून पाहा. हाताला जो ताण जाणवतो तोच ताण इंजिन दर फेऱ्याला सोसत असतं. गाडी नुसती चालू ठेवून उभी असताना आतला दाब बाहेरच्या हवेच्या जेमतेम एक तृतीयांश असतो. या ओढाताणीत पेट्रोल जळतं, आणि त्यातून चाकाला काहीच मिळत नाही. त्यात चार पिस्टन, कॅमशाफ्ट, ऑइलचा पंप यांचं घर्षण मिळवा. घरात माणसं दोन असोत की दहा, भाडं तेवढंच भरावं लागतं, तसं हे घर्षण आहे. काम सव्वादोन अश्वशक्तीचं असलं तरी ते जवळपास तेवढंच राहतं.

म्हणून हेच इंजिन भरपूर काम दिलं की पेट्रोलमधल्या ऊर्जेचा साधारण एक तृतीयांश भाग कामाला लावतं, आणि रांगत्या ट्रॅफिकमध्ये जेमतेम पंधरा टक्के. मोठ्या कढईत वाटीभर दूध तापवायला घेतलं, तर दुधाआधी कढईच तापते. एक लिटरच्या लहान इंजिनाला त्याच कामासाठी थ्रॉटल जास्त उघडावा लागतो, त्याची कढई लहान असते, म्हणून त्याचं अ‍ॅव्हरेज चांगलं. लहान गाडीचं इंजिन जास्त हुशार असतं असं नाही. ते आपल्या कामाच्या मापाचं असतं.

आता रस्त्याकडे. टॉमटॉम या कंपनीच्या २०२४ सालच्या पाहणीत पुण्यात दहा किलोमीटर जायला सरासरी ३३ मिनिटं २२ सेकंद लागतात असं निघालं. जगातल्या सगळ्यात सावकाश शहरांत पुण्याचा क्रमांक चौथा होता. सरासरी वेग पडतो ताशी १८ किलोमीटर. भाच्याचं जाणं-येणं मिळून ३४ किलोमीटर, म्हणजे रोज पावणेदोन तासांहून जास्त. त्यातला निम्मा वेळ गाडी जागच्या जागी उभी राहते असं आम्ही धरलं.

उभ्या गाडीत एसी चालू असला की असं इंजिन तासाला साधारण लिटरभर पेट्रोल पितं. म्हणजे ०.९ लिटर उभं राहण्यातच गेलं. दीड टनाची गाडी शून्यापासून ताशी ४० पर्यंत नेली की तिच्यात ९२ किलोज्यूल गतिज ऊर्जा साठते, आणि पुढच्या सिग्नलला ब्रेक दाबला की ती सगळी डिस्क तापवण्यात संपते. तेवढी ऊर्जा उभी करायला १५ मिलिलिटर पेट्रोल, म्हणजे लिटरला १०४ रुपये धरले तर दीड रुपया. प्रत्येक थांब्याला दीड रुपया. दिवसाला चाळीस थांबे धरले तर ०.६ लिटर. प्रत्यक्ष पुढे सरकण्यासाठी १.४ लिटर, आणि चालत्या गाडीतला एसी आणि विजेचा भार यांना ०.४. बेरीज ३.३ लिटर. लिटरला दहा किलोमीटर, दिवसाला ३४३ रुपये. कामाचे दिवस वर्षाला २४० धरले तर ८२ हजार.

हिशेब ढोबळ आहे. पण त्यातून जे दिसलं, त्याने भाचा गप्प झाला. त्याच रस्त्यावर सोळाचं अ‍ॅव्हरेज देणारी लहान गाडी वर्षाला ५३ हजारांचं पेट्रोल पिईल. फरक २९ हजारांचा. ज्या खर्चाची सगळे भीती घालतात तो महिन्याला अडीच हजारांच्या आत आला. मग अशी गाडी माणसाला घाईला का आणते?

त्याआधी पेट्रोलचं आणखी थोडं सांगायचं राहिलं. वरचा हिशेब निव्वळ पेट्रोलचा आहे, आणि पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, त्यातलं काही आपल्याच उसातून आलेलं. लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा एक तृतीयांशाने कमी, म्हणून त्या ३४३ वर विसेक रुपये वाढतात. टर्बो इंजिनासाठी मात्र त्यात एक चांगली गोष्ट आहे. टर्बो हवा कोंबून भरतो, दाब आणि उष्णता वाढते, आणि ठिणगीची ज्योत पोहोचायच्या आधीच मिश्रण आपोआप पेटलं तर इंजिन नॉकिंग करतं. असं अवेळी पेटणं टाळण्याची इंधनाची क्षमता म्हणजे ऑक्टेन. इथेनॉलचं ऑक्टेन १०८ च्या घरात आहे, शिवाय ते वाफ होताना पेट्रोलच्या अडीच पटीच्या आसपास उष्णता शोषतं, त्यामुळे सिलिंडर थंड राहतो. पण २०१७ ची गाडी या मिश्रणाच्या आधीची. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचे रबरी पाइप आणि सील इथेनॉलला टिकतील असे करणं बंधनकारक झालं. जुन्या गाडीत त्यांवर वर्षातून एकदा नजर टाकावी.

खरा खर्च मला दिसतो तो गिअरबॉक्समध्ये.

या गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दोन क्लचचा आहे. एक क्लच चालू गिअर धरून असतो, दुसरा पुढचा गिअर तयार ठेवतो, म्हणून गिअर डोळ्याची पापणी लवायच्या आत बदलतात. ३५० न्यूटन-मीटरचा पीळ पेलायचा म्हणून हे क्लच ऑइलमध्ये बुडवलेले असतात. पहिल्या गिअरमध्ये इंजिन अगदी मंद फिरत असताना गाडीचा वेग ताशी सहा-सात किलोमीटर असतो. वाटेतल्या वाकडच्या पुलावर आपण त्याहून हळू सरकतो. तेव्हा क्लच पूर्ण धरला तर इंजिन बंद पडेल, पूर्ण सोडला तर गाडी थांबेल. म्हणून तो अर्धवट घसरत राहतो. इंजिन आणि चाकं यांच्या वेगातला फरक उष्णता होऊन ऑइलमध्ये जातो, सोबत क्लचच्या पट्ट्यांची बारीक भुकटी. तेच ऑइल पुढे गिअर बदलणाऱ्या नाजूक व्हॉल्व्हमधून फिरतं. ते दर ६० हजार किलोमीटरला बदलायचं असतं.

इथे किलोमीटर हे मापच फसवं आहे, आणि माझ्या मते जुनी गाडी घेताना सगळ्यात जास्त नुकसान याच गैरसमजाने होतं. पुणे-नागपूर अशा वाऱ्या ताशी ७० च्या सरासरीने करणारी गाडी ७२ हजार किलोमीटर हजारभर तासांत पुरे करते. तेवढेच किलोमीटर ताशी १८ ने काढायला चार हजार तास लागतात. मीटरवर आकडा एकच; आत इंजिन, ऑइल, पंखा, एसीचा कॉम्प्रेसर चौपट चाललेले. वर क्लच हजारो वेळा जास्त घसरलेला. शेतातल्या ट्रॅक्टरला तासांचं मीटर असतं, कारण तिथे अंतराला अर्थ नाही. शहरात रोज चालणाऱ्या गाडीलाही ते असायला हवं होतं. भाच्याला मी म्हटलं, आकडा बघू नकोस, ही गाडी कुठल्या रस्त्यावर राबली ते विचार. शहरातली असेल तर मी गिअरबॉक्सचं ऑइल दर ४० हजारांनाच बदलेन.

टायरचं दुखणं वेगळं. रबर रस्त्याला चिकटतं ते आकार बदलताना ऊर्जा खातं म्हणून. खडबडीत डांबरावर ते दबतं, आणि दबलेलं रबर लगेच पूर्ववत न होता जरा रेंगाळतं. त्या रेंगाळण्यातून पकड मिळते. जे रबर जास्त रेंगाळतं ते जास्त धरतं, जास्त तापतं आणि लवकर झिजतं. पकड आणि आयुष्य यांची ही ओढाताण रसायनतज्ज्ञांनी सिलिका घालून बरीच सैल केली आहे, पूर्ण सोडवलेली नाही. हिंजवडीच्या रस्त्यावर त्या पकडीचा थोडासाच हिस्सा लागतो, झीज मात्र चालू असते. त्यात या टायरची भिंत बुटकी. २२५/४५ आर १७ मापाच्या टायरची भिंत असते १०१ मिलिमीटरची. साध्या हॅचबॅकच्या १६५/८० आर १४ टायरची १३२. खड्ड्याचा दणका पचवायला तीन सेंटिमीटर हवा कमी. पावसाळ्यात पाण्याने भरलेल्या खड्ड्यात तो फरक अलॉय व्हीलच्या कडेला कळतो.

सिलिंडरमध्ये थेट पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनाची एक खोड आहे. जुन्या पद्धतीत पेट्रोल हवेबरोबर आत जायचं आणि जाता जाता व्हॉल्व्हच्या पाठी धुऊन काढायचं. आता ते काम कुणी करत नाही. ऑइलची वाफ तिथे बसते आणि जळून काळा थर चढतो. तो अक्रोडाच्या कवचाचे कण दाबाने मारून काढतात, कारण ते कार्बन खरवडण्याइतके टणक असतात आणि धातूला ओरखडा न पाडण्याइतके मऊ.

मग कागदावरचा खर्च. थर्ड पार्टी विम्याचा जून २०२२ पासूनचा दर १,००० सीसीपर्यंतच्या गाडीला वर्षाला २,०९४ रुपये आणि १,५०० सीसीच्या पुढे ७,८९७. आपल्या गाडीच्या नुकसानीचा विमा असला तरी साध्या पॉलिसीत रबर आणि प्लॅस्टिकच्या भागांवर निम्मी घट कापली जाते. बंपर फुटला तर अर्धा आपल्या खिशातून. आणि इथेच जुन्या वेगवान गाडीचं कोडं उलगडतं. गाडीची किंमत दरवर्षी उतरते. तिच्या ब्रेक डिस्कची, सस्पेन्शनची, टर्बोची उतरत नाही, उलट चढते. गाडी मध्यम गाडीच्या भावात आली तरी तिची दुरुस्ती साडेचोवीस लाखांच्या गाडीचीच राहते. जितकी गाडी दुर्मीळ तितकं हे टोकाला जातं. याच घराण्यातली आरएस २४५ भारतात २०२० साली आली ती फक्त २०० गाड्यांपुरती.

भाच्याने सगळा कागद वाचला. मग म्हणाला, “घाटात तरी लागत असतील ना २३०?”

तेही मांडून पाहिलं. शंभर मीटरला सहा मीटर चढणाऱ्या रस्त्यावर ताशी ६० ने जायला सव्वीस अश्वशक्ती लागते. लहान ट्रॅक्टरची ताकद. मग सगळ्या २३० कधी लागतात? मोकळ्या रस्त्यावर पाय पूर्ण दाबून शून्यापासून शंभरपर्यंत जाताना. त्या सात सेकंदांत थ्रॉटल पूर्ण उघडा असतो, श्वास मोकळा असतो आणि इंजिन आपल्या चांगल्या कार्यक्षमतेला काम करतं. त्या धावेला पेट्रोल लागतं सत्तर मिलिलिटरच्या आसपास. सात-साडेसात रुपयांचं.

तो बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत बसला. ज्या गोष्टीसाठी ही गाडी घ्यायची ती सात रुपयांना, आणि जी गोष्ट तिला नकोच आहे ती रोज साडेतीनशेंना. मला स्वतःला ही गाडी आवडते. तिच्या इंजिनावर ज्यांनी काम केलं त्यांच्या कौशल्याबद्दल मनापासून आदर वाटतो. म्हणूनच ती वाकडच्या रांगेत उभी असलेली मला बघवत नाही. मी त्याला सुचवलं, हिंजवडीला कंपनीच्या बसने जा आणि ही शनिवार-रविवारसाठी ठेव. तो हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही.

रात्री त्याने गाडीच्या मालकाला फोन लावला. किमतीबद्दल तो काही बोलला नाही. विचारलं ते इतकंच, की साठ हजारांवर गिअरबॉक्सचं ऑइल बदललं होतं का, आणि त्याची पावती जपून ठेवली आहे का.